घरची डिस्क दुकानात आणली तो दिवस

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा. मागितलेली रक्कम दीड लाख रुपये, तीही नोटांत नव्हे, डिजिटल चलनात. हजर तिघे: मी, माझी बायको आणि धाकटा भाऊ. ठिकाण, लोणारमधला आमचा फोटो स्टुडिओ. आपट्याची पाने वाटून आम्ही संध्याकाळी पूजा उचलायला आलो, तर संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी मजकूर होता. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातले आहे, पैसे भरा आणि किल्ली घ्या.

तयारी नव्हती असे मला म्हणता येत नाही. उन्हाळ्यात मलकापूरला दुकानदारांसाठी एका दिवसाचे शिबिर होते, तिथे मी बसने गेलो होतो. असा हल्ला झाला तर काय करायचे ते शिकवणाऱ्याने नीट सांगितले आणि मी उतरवून घेतले. परत येऊन दोन डिस्क घेतल्या. सगळ्या फोटोंची एक प्रत दुकानात, एक घरी. कोणी काय करायचे त्याचा कागद करून भिंतीला चिकटवला. वायर मी काढायची, फोन भावाने करायचे, गिऱ्हाइकांशी बायकोने बोलायचे. शेवटचे कलम मी लाल शाईने लिहिले होते: दोन्ही डिस्क एकाच वेळी दुकानात आणायच्या नाहीत.

खंडेनवमीला आम्ही कॅमेरे, दिवे, तिपाया, सगळे पूजेला मांडतो. त्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, घरची डिस्कही आणा ना. तीही कामाचीच आहे." मला पटले. मग भाऊ म्हणाला, "दादा, बंद यंत्राची काय पूजा? चालू कर, लाईट तरी दिसू दे." मी दोन्ही डिस्क संगणकाला जोडल्या. त्यांचे निळे दिवे समईशेजारी छान दिसत होते. हळद-कुंकू वाहिले. आमच्याकडे पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, म्हणून सगळे तसेच चालू ठेवून कुलूप लावले.

त्याआधी दोन दिवस मी इंटरनेटवरून अल्बमची फुकटची डिझाइने उतरवून घेतली होती. विकत घेतली असती तर अठराशे रुपये पडले असते. हल्ला त्यातून आत आला आणि जोडलेल्या दोन्ही डिस्कनाही कुलूप लागले, असे नंतर बोलावलेल्या जाणकाराने सांगितले. दोघांनी सुचवले हे खरे, पण डिझाइने मी उतरवली आणि वायरही मीच जोडली.

त्या संध्याकाळी बायकोने भिंतीवरचा कागद मोठ्याने वाचला. लाल शाईपाशी ती थांबली. भाऊ म्हणाला, "वाच ना वहिनी. त्या कागदालेही कुंकू लावलं होतं आपण."

"देऊन टाकू, दादा," तो पुढे म्हणाला. "अर्धे मी घालतो."

पैसे देऊनही किल्ली मिळेलच असे नाही, हे शिबिरात ऐकले होते. मी हिशेब मांडला. सात लग्नांचे अल्बम बाकी, घेतलेली आगाऊ रक्कम एकूण एकसष्ट हजार. ती परत करणे दीड लाखापेक्षा स्वस्त. द्यायचे नाहीत, असे ठरवले. आकडे बरोबर होते. पण सातवे लग्न मी बाकीच्या सहांसारखेच धरले, ते चुकले.

सहा घरांनी नातेवाइकांच्या मोबाइलमधले फोटो गोळा केले, दोन शब्द सुनावले आणि पैसे परत घेतले. सातवे लग्न दुसरबीडचे, मे महिन्यातले. मुलीचे वडील निवृत्त मास्तर, कॅमेरा दिसला की बाजूला होणारे. अल्बमचे फोटो निवडायचे त्यांनी स्वतःकडे घेतले होते. मी आठवण केली की म्हणायचे, "घाई काऊन करता? निवडतो ना." ऑगस्टमध्ये ते गेले. हळदीच्या दिवशी मुलीने त्यांच्या चष्म्यालाच हळद फासली आणि ते तोंड उघडून हसले, तो क्षण मला सापडला होता. तसा फोटो वर्षातून एखादाच निघतो.

दिवाळीला माहेरी आलेली ती मुलगी दुकानात आली. "काका, अल्बम राहू द्या. बाबाचा तो हळदीचा फोटो तेवढा द्या मले."

मी झाले ते सांगितले.

"पन तुमी तर दोन जागी ठेवता. तुमीच सांगितलं होतं बाबाले."

"हो. पूजेसाठी एका जागी आणले."

"पूजेसाठी?" ती हसली. वडिलांसारखीच हसते, असे मला वाटले; पडताळून पाहायला फोटो नव्हता.

मास्तरांना निवडायला म्हणून भावाने जूनमध्ये मोबाइलवर काही छोटे नमुने पाठवले होते. त्याने ते शोधले. एकात मास्तर कडेला होते, पाण्याचा जग हातात, अर्धा चेहरा. मोठा करून छापला तेव्हा चष्मा ओळखू आला, डोळे नाही. मी तो तिच्यापुढे ठेवला. ती तो हातात घेऊन म्हणाली, "जग मात्र आमचाच हाय."

कुलूप घालणाऱ्यांना काही दिले नाही. जाणकाराला साडेतीन हजार. सहा घरांना एकोणपन्नास हजार. त्या मुलीला बारा हजार परत केले. त्यातले अडीचशे तिने छपाईचे म्हणून टेबलावर ठेवले. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "बाबानं कोनाचं फुकट घेतलं नाही." ते मी घेतले.