साडूचा ग्लास

सोफ्याचं काम करणाऱ्या माणसाच्या तोंडात कायम चुका असतात. चुका म्हणजे बारीक, चपट्या डोक्याचे खिळे. मूठभर गालात धरायच्या, जिभेनं एकेक पुढे आणायची, हातोडीच्या चुंबकाच्या टोकाला लावायची आणि ठोकायची. सोफामास्तरांनी उभा जन्म हेच केलं. काम चालू असताना गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की ते नुसतं "हूं" म्हणत. त्यांचा साडू सांगायचा, "लोक चुका करतात, आमचे साडूबुवा चुका चघळतात!"

एका दुपारी मात्र एक चूक पोटात गेली.

मास्तर जुन्या आरामखुर्चीची पाठ बांधत होते. जेवणाआधी त्यांनी थोडी घेतली होती. अलीकडे सकाळचा हात कापायचा, तो बसावा म्हणून दुपारचीही सुरू झाली होती. ठसका आला, आणि चार चुकांतल्या तीनच हातावर पडल्या. बायकोनं हातातलं काम टाकून त्यांना दवाखान्यात नेलं. एक्स-रे निघाला. त्यात मास्तरांची चूक अशी ठळक दिसत होती, की पाहणाऱ्यानं ती उचलून खोक्यात टाकावी.

डॉक्टरीणबाई वयानं मुलीएवढ्या. म्हणाल्या, "ही आपोआप बाहेर पडेल. घाबरू नका." मग जरा थांबून, आवाज न चढवता, "दुपारी रोज घेता?"

"थोडी."

"थोडी म्हणजे?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं भिंतीकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला घेतलं.

चूक आली तशी निघून गेली. रक्ताचा रिपोर्ट मात्र बरा नव्हता. यकृताला सूज होती. मास्तर खुर्चीतच ताठ झाले. "आजपासून बंद! शब्द म्हणजे शब्द!"

"असला शब्द मला देऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांची सवय एका दिवसात तोडलीत तर अंगाला थरथर सुटेल, फिटसुद्धा येऊ शकते. आपण जिन्यानं उतरू, गच्चीवरून उडी नको. ही गोळी देते. प्यायला बसायच्या तासभर आधी घ्यायची. हिच्यामुळे पिण्यातली गोडी हळूहळू कमी होते. रक्त मी मधूनमधून तपासत राहीन. आणि आमच्याकडच्या एक बाई तुम्हाला दर आठवड्याला फोन करतील. त्यांच्याशी मोकळेपणानं बोला."

"म्हणजे म्हातारपणी शिकवणी लावली," मास्तर बाहेर येऊन पुटपुटले. गोळ्यांचं पाकीट बायकोनं आपल्या पर्समध्ये ठेवलं.

फोनवाली बाई उपदेश करील असं मास्तरांना वाटलं होतं. ती नुसती विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायची. पहिल्याच फोनवर तिनं विचारलं, "ग्लासात ओतता ती मोजून की अंदाजानं?"

"अंदाजानं. डोळ्याचं माप आहे."

"आणि कापड?"

"कापड?" मास्तर चमकले. "कापड कोण अंदाजानं कापेल? तीनदा मोजतो."

मास्तरांना आपणच पकडले गेल्यासारखं वाटलं. त्या संध्याकाळी त्यांनी औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण शोधून काढलं. आपला नेहमीचा "एक" पेग म्हणजे चांगले अडीच भरतात, हे त्यांना तेव्हा कळलं.

पुढच्या वेळी तिनं विचारलं, "कुठे बसता? कोणाबरोबर?"

"गच्चीवर. साडूबरोबर."

"साडूंशी बोलता येईल का मला?"

"नाही. तो गेला. चार वर्षं झाली."

मग मास्तरांनी जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. ते दोन ग्लास भरायचे. एक आपला, एक साडूचा. आपला संपला की साडूचाही प्यायचा, कारण भरलेला ग्लास फेकून द्यायला जीव धजत नसे.

साडू वायरमन होता. दोघी बहिणींची लग्नं एका वर्षात झाली आणि दोन जावयांची गट्टी जमली. सासरे म्हणायचे, "मुली दिल्या, पण जोडी या दोघांचीच लागली." दर शनिवारी साडू काम उरकून यायचा, खांद्यावर वायरची वेटोळी, कानामागे टेस्टर. घर आणि कारखाना एकाच छताखाली; त्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून दोघं बसायचे. दिवसभर तापलेलं सिमेंट हळूहळू निवायचं. खालून काथ्याचा आणि नव्या रेक्झिनचा वास यायचा. अंधार पडला की समोरच्या इमारतींत एकेक दिवा लागायचा, आणि साडू बोट करून सांगायचा, "तो पिवळा बघा, तिसऱ्या मजल्यावरचा. त्या घरात स्विच उलटा बसलाय माझ्याकडून. वर केला की लागतो. पंधरा वर्षांत कुणी तक्रार केली नाही, बिचाऱ्यांना वाटतं असाच असतो!" मास्तरांच्या तोंडात तेव्हा चुका नसायच्या. आठवडाभराचं बोलणं ते त्या दोन तासांत बोलायचे.

शेवटी शेवटी साडू आपली वेगळी बाटली घरून आणू लागला होता. "माझी जरा कडक असते, तुम्हाला झेपायची नाही," म्हणायचा. मग एक दिवस जेवून उठताना त्याच्या छातीत कळ आली, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं. शनिवार मात्र येतच राहिला. मग शनिवारसारखे बाकीचे वारही झाले.

सगळं ऐकून फोनवाली बाई म्हणाली, "तुमच्या ग्लासाचं नंतर बघू. या आठवड्यात साडूंचा भरू नका. एवढंच."

एवढंच! मास्तर नंतर सांगायचे, सगळ्यात जड गेलं ते हेच. गच्चीवर एकच ग्लास पाहून त्यांना तेराव्यापेक्षा जास्त रडू आलं. पण त्यांनी भरला नाही.

गोळीनं आपलं काम सुरू केलं होतं. दुपारची सुटली. संध्याकाळची मापात आली. पण सोबत भलतंच घडत होतं. पूर्वी दोन घोट पोटात गेले की साडू जणू शेजारी येऊन टेकायचा, त्याचं खाकरणं ऐकू यायचं. आता घोट घेतला तरी ना ऊब, ना साडू. नुसती कडू चव. मास्तर भडकले. फोनवर म्हणाले, "तुमच्या गोळीनं दारू नेली ती नेली, माझा साडूही नेला! नको मला तुमची गोळी."

"गोळी सोडायची की नाही, ते डॉक्टरांना विचारून ठरवू," ती शांतपणे म्हणाली. "पण साडूंना ओळखणारं दुसरं कोणी नाही का? शनिवारी त्याच वेळी त्यांच्याकडे जाऊन बघा ना."

होती की. मेहुणी होती, साडूची बायको, हाकेच्या अंतरावर. पण साडू गेल्यापासून मास्तर तिच्या दारात उभे राहिले नव्हते. तिनं एकदा जरी म्हटलं असतं, "तुमच्या संगतीनंच गेले," तर काय उत्तर देणार? चोराच्या मनात चांदणं. बायको जायची, मास्तर काम असल्याचं सांगायचे.

शनिवारी ते गेले. मेहुणीनं दार उघडलं, क्षणभर बघत राहिली. "या भाऊजी. वाट चुकलात?"

बसायला दिलेला सोफा त्यांनीच बांधलेला, लग्नातला आहेर. मधली स्प्रिंग बसली होती. मास्तर बराच वेळ त्या खोलगट जागेवर हात फिरवत राहिले आणि एकदम म्हणाले, "माझ्यामुळे प्यायचा तो. मला माफ कर."

मेहुणी आधी गोंधळली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. "तुम्हाला माहीतच नाही होय? अहो, शेवटची दोन वर्षं ते एक थेंब घेत नव्हते. डॉक्टरांनी मनाई केली होती. बाटलीत कोरा चहा असायचा. मीच करून द्यायचे, गाळून, गार करून."

"चहा?"

"मी म्हटलं, मग जाता कशाला गच्चीवर? तर म्हणाले, दारू सोडीन, गच्ची नाही सोडणार. आणि साडूबुवांना सांगू नकोस, उगाच ते एकटे प्यायला लाजतील, मग मला बोलावणार नाहीत."

चार वर्षं मास्तर ज्याच्या वाटणीची पीत होते, त्याची वाटणीच नव्हती! आधी त्यांना हसू फुटलं, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग नुसतं पाणीच उरलं. मेहुणी आत गेली आणि थोड्या वेळानं कोऱ्या चहाचे दोन कप घेऊन आली. साडूच्या गोष्टी निघाल्या. त्यातल्या निम्म्या मास्तरांनी कधी ऐकल्याच नव्हत्या. घरचा माणूस वेगळा असतो आणि गच्चीवरचा वेगळा.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तिच्या सोफ्याची स्प्रिंग बदलली.

त्यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी जेवण होतं. गोळी घरी विसरली, आग्रह झाला, आणि मास्तरांना दोघांनी धरून घरी आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी फोनवाल्या बाईचा फोन यायचा नव्हता, त्यांनीच लावला. "मी पडलो," म्हणाले. ती म्हणाली, "पडलात, पण फोन तुम्हीच केलात. आता सांगा, तिथे नाही म्हणायला काय अवघड गेलं?" त्यावर ते अर्धा तास बोलले.

हळूहळू आठवड्याचे बरेच दिवस कोरडे जाऊ लागले. घेतलीच तर मापाचं एक झाकण. यकृताची सूज उतरली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून मान हलवली आणि पुढची तारीख लांबची दिली. मास्तर सकाळी चुका गालात धरायचे तेव्हा जीभ थरथरत नसे.

बायकोची मात्र वेगळीच पंचाईत झाली. इतकी वर्षं संध्याकाळ तिची एकटीची होती. आता हा माणूस स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचा आणि डब्यांची झाकणं उघडून बघायचा. "अहो, गच्चीवर होतात तेच बरं होतं," ती एकदा चिडून म्हणाली.

मास्तर शेंगा सोलत होते. म्हणाले, "खरं सांग, तेव्हा तू काय करायचीस गं?"

"काय करणार? पोळ्या लाटायची." तिनं पोळी तव्यावर टाकली. "तुमच्या दोघांच्या हसण्याचा आवाज खाली यायचा. मला वाटायचं, एकदा तरी वर बोलवावं. निदान खाली येऊन सांगावं, कशावर हसलात ते."

मास्तरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी घसा साफ केला आणि एक किस्सा सांगायला घेतला. साडूनं एकदा एका वकिलाच्या घरी बेल बसवली आणि ती शेजाऱ्याच्या घरात वाजायला लागली. सांगताना त्यांनी साडूचा आवाज काढला, हातवारे केले, शेवटी स्वतःच हसले.

बायकोनं लाटणं थांबवून पाहिलं. "एवढंच? यावर तुम्ही दोघं पोट धरून हसायचात?"

"हो."

"आणि मी खाली बसून इतकी वर्षं हळहळले!"

ती हसायला लागली, पिठाचा हात तोंडावर धरून, थांबेचना. तव्यावरची पोळी करपली. मास्तरांनी ती उचलून खाली ठेवली, आणि म्हणाले, "थांब, दुसरा सांगतो. हा जरा बरा आहे."