रंगूची चाल

माणगावच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारा धर्माजी एके काळी मुंबईत हलती चित्रं काढायचा, हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी शिंपी आहे, माझं दुकान त्याच्या शेजारी, आणि आमचं गावही एकच. परवा एका शहाण्यानं त्याला विचारलं, "एवढी कला सोडून पाट्या कशाला रंगवतोस?" धर्माजी ब्रश पुसत म्हणाला, "पाटी बरी. हलत न्हाय." शहाणा हसत निघून गेला. मला मात्र दिवसभर शिवण सुचेना, कारण त्यानं ती कला सोडली, त्यात निम्मं पाप माझं आहे.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. धर्माजी तेव्हा दादरला एका स्टुडिओत मधली चित्रं काढायला होता. म्हणजे असं, की मुख्य चित्रकार पाय उचलल्याचं एक चित्र काढणार आणि पाय टेकल्याचं एक. त्यांच्या मधली सगळी धर्माजीनं भरायची. सेकंदाला चोवीस! भराभर दाखवली की माणूस चालायला लागतं. चहाच्या एका जाहिरातीत अशीच एक दमून पाय ओढत येणारी बाई चालवायची होती. धर्माजीनं महिनाभर घासून ती चालवली, तर मुख्य चित्रकार म्हणाला, "ही बाई आहे की शिलाई मशीनची सुई? घरी जा, माणसं बघ, मग ये."

म्हणून तो दहा दिवस गावी आला. आई-बाप कधीच गेलेले, घरात धाकटी बहीण रंगू एकटी. लहानपणी तापात तिचा डावा पाय बारीक झाला होता. पण पोरगी काय खमकी! वालाच्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत चालत यायची, आणि वाटेत कुणी वाकडं बोललं तर त्याची खैर नसायची. धर्माजी ओटीवर बसून तिला बघत राहायचा. सारवलेल्या ओल्या अंगणातून ती निघाली की हा मला म्हणायचा, "चंदर, मोज," आणि ती गेली की अंतर कळावं म्हणून उठून तिच्या पावलांपाशी चिंचोके मांडायचा. मी एक-दोन-तीन मोजायचो. चांगला पाय तीन आकड्यांत पडायचा, बारीक पायाला पाच लागायचे.

तिसऱ्या दिवशी त्यानं माझा दंड धरला. "अरे, मी गाढव! सगळी चित्रं सारख्या अंतरावर ठेवत व्हतो. माणूस असं चालतं व्हय? पाय उचलताना हळू, मधे झपकन, टेकताना परत हळू. म्हंजे दोन्ही टोकांना चित्रं दाट हवीत, मधे पातळ. आणि बघ, अंग थांबलं तरी पदर थांबत न्हाय, तो मागनं येतो."

रंगू आतून ओरडायची, "दादा, काय बघतोस रे टकामका? चा देऊ?"

"बघू दे गं," एवढंच तो म्हणायचा. त्या दिवसांत ती रोज अबोली माळत होती. माझ्या ते लक्षात आलं होतं. त्याच्या आलं की नाही, देव जाणे.

निघताना मी त्याला विचारलं, "रंगूची चाल घालणार त्या बाईला?"

"चाल तिची, पण तोंड दुसरं. गोल, नाकात मोठी नथ. कोण वळखतंय?"

अरे, आमच्याकडं लांबच्या बांधावरून येणारं माणूस तोंडावरून ओळखतात की चालीवरून? जन्म गावात काढून एवढं आम्हा दोघांना सुचू नये!

माघात माणगावला तंबूचा सिनेमा आला. बैलगाड्या जोडून सगळा गाव संध्याकाळच्या खेळाला गेला. रंगू पुढं बायकांत बसली होती, भावाचं काम बघायला. आधी ती जाहिरात लागली. आणि काय सांगू! बाई पडद्यावर आली, डावा पाय जपून टेकला, पदर मागनं आला. मी ताडकन उठून ओरडलो, "अरे, ही तर आपली रंगू! आपल्या धर्माजीनं काढलीय!"

अभिमान वाटला म्हणून ओरडलो हो! तेव्हाच जीभ झडायला हवी होती माझी. कारण लगेच पडद्यावरची बाई चहा प्याली, तिचा पाय सरळ झाला आणि ती टुणटुण उड्या मारत निघून गेली. सगळा तंबू पोट धरून हसला.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात सुरू झालं. "रंगू, चा घे गं, पाय सरळ होईल!" आधी तिनं शिव्या घातल्या. मग नुसती मान खाली घालून जायला लागली. मग शेंगांची पाटी शेजारणीकडं द्यायला लागली. पुढं पुढं तर घरात कुणी आलं की ती बसल्या जागची हलायची नाही. तहान लागली तरी माणूस जाईपर्यंत तशीच बसायची. मी धर्माजीला पत्र घातलं. सगळं खरं लिहिलं, माझं ओरडणंसुद्धा.

तो शिमग्याला आला. जाहिरात थांबवा म्हणून स्टुडिओत त्यानं हातापाया पडून पाहिलं होतं, पण ती केव्हाच गावोगाव पोचली होती. म्हणून त्यानं एक जाड वही काढून आणली. पानं अंगठ्यानं फरफर सोडली की चित्र चालायचं. वहीत रंगू होती, तिच्याच तोंडाची, डोक्यावर पाटी घेतलेली, आणि दोन्ही पाय धड. इतकं सुरेख चालणं त्यानं आधी कधी काढलं नव्हतं.

भिंतीला टेकून बसलेल्या रंगूनं वही दोनदा फरफरवली.

"बरी चालते," ती म्हणाली. "पण ही कोण रे, दादा?"

धर्माजी वही परत घ्यायला पुढं झाला.

"पाय हाय तसा हाय. लोक हसतील आणि गप बसतील." तिनं वही मिटून त्याच्या हातात दिली. "पण ते धा दिवस तू ओटीवर बसून माझ्याकडं बघत व्हतास ना? मला वाटलं, दादाला माझी माया आली."

धर्माजी मुंबईला परत गेलाच नाही. लोकांचं हसणं दोन पावसाळ्यांत विरलं, आणि रंगू आता पुन्हा पाटी घेऊन माझ्या दुकानावरून ताठ मानेनं जाते. घरी मात्र धर्माजी समोर असला की ती जागची उठत नाही. त्याला ते ठाऊक आहे. म्हणून संध्याकाळी ओटीवर आला की तो भिंतीकडं तोंड करून बसतो, म्हणजे तिला घरात चालता येतं.