पोलीस केसची भीती

वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारी कालिंदी परळच्या एका इस्पितळात आया होती. नवरा राजाराम गिरणी कामगार. दारूबंदीत सरकारमान्य गुत्ते बंद झाले, तसा तो हातभट्टीची प्यायला लागला. अठ्ठावन्न साली विषारी हातभट्टी पोटात गेली आणि एका सकाळी त्याला सगळं धुरकट दिसू लागलं. पोलीस केस होईल, नोकरी जाईल, म्हणून घरच्यांनी त्याला दोन दिवस खोलीतच दडवलं. इस्पितळात नोकरीला असून कालिंदीही गप्प बसली. राजारामचे डोळे गेले ते गेलेच.

तिच्या वॉर्डातले डॉक्टर गुप्ते तेव्हा देशोदेशींच्या दारूधोरणांवर अहवाल लिहीत होते. त्यात होतं, की अमेरिकेनं तेरा वर्षांत बंदी उठवली, स्वीडननं दारूला रेशनची वही लावली, मग तीही बंद केली.

एकदा त्यांनी कालिंदीला विचारलं, "बाई, आपली बंदी उठवावी का?"

"नको. गुत्ते होते तेव्हा पगाराच्या दिवशी चाळीत बायका जास्त मार खायच्या. पण विष पोटात गेलेला माणूस इथं यायला का भितो? तिकडच्या देशांत आजारी माणूस लपून बसतो का, ते बघा."

"तसे आकडे कुणी ठेवलेले नाहीत."

"मग माझ्या नवऱ्याचं लिहा. दोन दिवस मीच त्याला लपवला होता."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

पुढच्याच महिन्यात, एका दुपारी, शेजारची बकुळा दार लावून बाहेर बसलेली दिसली. आत तिचा नवरा कोंडीराम, तोही गिरणी कामगार, ओकत होता.

"बकुळे, दार उघड. त्याला दिसतंय का नीट?"

"धूर धूर म्हणतायत. पण कालिंदीवहिनी, पोलीस येतील हो!"

"येऊ देत. मोर्चात लाठ्या खाल्ल्यास ना संयुक्त महाराष्ट्रासाठी? मग नवऱ्यासाठी एका हवालदाराला भितेस? मी येते तुझ्याबरोबर."

दोघींनी त्याला टॅक्सीत घातलं. डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले. कोंडीरामची नजर वाचली.

केस मात्र झालीच. कालिंदी रजा टाकून बकुळेबरोबर कोर्टात उभी राहिली. कोंडीरामला दंड झाला, पण गिरणीतलं काम टिकलं.

हातभट्ट्या चालूच राहिल्या. कालिंदी दर रविवारी एकेका चाळीत जायची आणि बायकांना एवढंच सांगायची, "डोळ्यापुढं धूर आला की तासभरही थांबू नका. कोर्टात मी येईन." त्या वर्षी आणखी चार जणांना त्यांच्या बायकांनी वेळेवर इस्पितळात आणलं.