अंतिम सामन्यात माझा पाय मुरगळला नव्हता

त्याने बूट माझ्या मांडीवर टाकला. मी सामन्यासाठी घोट्याला पट्टी बांधत होतो. हंगामातला पहिला सामना. कॉलेजच्या अकरा जणांत लेफ्ट विंगर म्हणून माझे नाव लागले होते.

"स्टड हललाय रे. स्वल्प बघ की," आमचा कर्णधार म्हणाला. "तुमच्या हातांना काय शिकवावं लागतंय?"

बाकीचे हसले. कर्णधार बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातला. संघात माझ्याशी मराठीत, तेही कानडी शब्द मिसळून, बोलणारा तो एकटाच.

त्या काळी फुटबॉलच्या बुटांच्या तळाला पकडीसाठी कातड्याचे स्टड खिळ्यांनी ठोकलेले असत. एक खिळा वर आला होता. मी तो दगडाने बसवला. पन्नासचे दशक संपत आले होते, मी एकोणीस वर्षांचा होतो आणि माझे वडील दंडूत, म्हणजे छावणीच्या भागात, चपला-बूट शिवत. एवढे कारण संघाला पुरले.

दुसऱ्या सामन्याला तीन जोड आले. दगडाने खिळे वाकत. ते मला बघवेना, म्हणून हातोडी आणि ऐरण मी स्वतःच घरून नेली. ही चूक माझी. कोणी सांगितले नव्हते. काम नीट व्हावे, या अभिमानानेच मी अडकलो. पुढे सगळे मैदानाला फेऱ्या मारत आणि मी गोणपाटावर बसून त्यांचे बूट दुरुस्त करी. शिट्टी होण्याआधी हात पुसून धावत सुटे. तरीही उपांत्य सामन्याचा निर्णायक गोल माझा आहे.

कॉलेजच्या स्मरणिकेत छापले आहे, की अंतिम सामन्याआधी माझा पाय मुरगळला. साफ खोटे. माझे दोन्ही पाय धड होते.

त्या दुपारी पावसाने मैदानाचा चिखल केला. सगळ्यांना उंच स्टड हवे झाले. क्रीडाशिक्षकांनी यादी वाचली. माझ्या जागी दुसरे नाव होते. तेव्हा बदली खेळाडू नसत. जो अकरांत नाही, तो नाहीच.

"सर, माझं काय चुकलं?"

त्यांनी कर्णधाराकडे पाहिले.

"चुकायचं काय त्यात?" कर्णधार म्हणाला. "अकरा जोड आहेत. तू खेळलास तर हे कोण करणार? जिंकलो की फोटोत घेऊ तुला."

मी बसलो. उठून का गेला नाहीत, असे नातू विचारतो. माझ्या फी-माफीच्या अर्जावर त्याच क्रीडाशिक्षकांची शिफारस लागे. नातवाला हे समजत नाही, आणि त्याला ते समजायची वेळ येऊ नये.

वडील मला खेळताना पाहायला आले. दुपारी दुकान बंद ठेवण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी दोरीपलीकडून मला गोणपाटावर पाहिले. मग वाकून दोरीखालून आत आले.

"किती राहिलेत?"

"सात जोड."

"सरक. मी करतो. तू कपडे बदल."

त्यांना वाटले, काम अडले आहे म्हणून मी अडलो आहे. काम पुरे झाले की माणूस मोकळा, हाच हिशेब त्यांनी जन्मभर खरा मानला होता. यादी वाचून झाली आहे, हे मला ठाऊक होते. मी सांगितले नाही. सरकलो.

सातही जोड त्यांनी वेळेआधी पुरे केले. मग टोपी काढून, मुलाच्या वयाच्या त्या कर्णधारापुढे उभे राहिले.

"झालं सगळं, अण्णा. आता पोराला घ्या."

"यादी गेली, मामा. तुम्ही इथंच थांबा. मध्यंतरात कुणाला काही लागलं तर."

तो हे गोडीने बोलला. ओरडला असता तर बरे झाले असते.

वडील थांबले. मध्यंतरात दोन बूट आले, तेही त्यांनी केले. माझ्याकडे पाहिले नाही. आम्ही जिंकलो. 'आम्ही' हे सवयीने लिहिले, ते जिंकले. घरी जाताना वडील एवढेच बोलले, "कातडं चांगलं होतं त्यांचं."

पुढच्या आठवड्यात कर्णधाराने चिखल वाळलेल्या बुटांचे पोते माझ्यापुढे ओतले. विद्यापीठाच्या संघासाठी माझे नाव सुचवणार होता म्हणे. "आधी एवढं उरक."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"हातोडी दुकानात आहे. काम असेल तर तिथं या. पायरी चढून या, आणि नंबर येईपर्यंत बसा."

"सरी," तो कानडीत म्हणाला, म्हणजे 'ठीक आहे', आणि माझे नाव सुचवले गेले नाही. पुढच्या हंगामात कॉलेजच्या यादीतही मी नव्हतो. कोणाचे काही अडले नाही. पायांत बळ होते. मला खेळवणारा कोणी उरला नव्हता.

गेल्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तोच कर्णधार भर सभेत म्हणाला, "ह्याचे वडील हौसेने आमचे बूट करायचे." टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. गुडघे धरलेले, मी उभा राहीपर्यंत पुढचा वक्ता सुरू झाला होता.

माझे वडील आयुष्यात एकदाच त्या मैदानावर आले. हौसेने नव्हे. मी तोंड उघडले नाही म्हणून ते चिखलात बसले, आणि हे त्यांना सांगायचे धैर्य मला ते जिवंत असेतो झाले नाही. कर्णधार आता व्हाइटफील्डला मुलाकडे राहतो; सोमवारी मी तिथे जाणार आहे. त्याच्या सुना-नातवंडांसमोर हे सगळे सांगणार आहे, यादीपासून. चहा घेणार नाही.