चित्र टांगायची पाच मिनिटं

चार मित्र जमले आणि चित्र टांगण्याचा विषय निघाला की मी म्हणतो, बास, संपले किस्से. आणि घरी येऊन हातपाय धुतो न धुतो तोच आणखी एक आठवतो! माझा काय इलाज? चित्र काढायला महिना लागतो, टांगायला पाच मिनिटं, आणि आमच्या श्रीवर्धनात त्या पाच मिनिटांत महिन्याचं मातेरं करणारी माणसं मोठ्या हौसेने पुढे यायची.

मी तिथल्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. दर डिसेंबरात गावच्या वाचनालयात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचो. वाचनालयाचे चिटणीस नाना. भला माणूस, कामाला वाघ, पण त्यांनी चित्राला हात लावला की मला घाम फुटायचा.

माझा सगळा जीव अडकला होता कुसुममध्ये. आठवीतली मुलगी, पण तिच्या हाताला जे वळण होतं ते मुंबईत चार वर्षं घासून मला आलं नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर तिने मुंबईच्या चित्रशाळेत जावं, एवढंच मला हवं होतं. तिच्या वडिलांची, आप्पांची, सुपारीची मोठी वाडी. ते म्हणाले, "रांगोळ्या घालायला मुंबईस कशाला जायला हवं? बरं, प्रदर्शनात बघू. चार माणसं काय म्हणतात ते ऐकू, मग ठरवू."

म्हणजे सगळं त्या भिंतीवर येऊन ठेपलं. आणि भिंत नानांच्या ताब्यात!

*

पहिल्या वर्षी मी शाळा सुटल्यावर धावत पोचलो, तर चित्रं लावून तयार. मोठी वर, मधली मध्ये, लहान पार खाली, जमिनीपासून हातभर. कुसुमचं चित्र लहान होतं. ते बाकाच्या मागे गेलं होतं.

"नाना, हे काय?"

"उंचीप्रमाणे लावलीत. कवायतीला तुम्ही मुलं उभी करता तशी!"

मी कपाळावर हात मारतोय तोवर आप्पा आलेच. त्यांच्या कमरेत उसण भरलेली. वाकणं शक्य नाही. त्यांच्या नजरेसमोर भिंतीवर जे होतं ते त्यांनी चष्मा लावून दहा मिनिटं मन लावून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"उत्तम. म्हसळ्याच्या गाडीची वेळ बदलल्ये, हे माहीत नव्हतं मला."

एसटीचं वेळापत्रक होतं ते!

*

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं, चौकटी करून घ्यायच्या. गावात चौकटी करणारा एकच, हसनमिया सुतार. दारं-खिडक्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

कुसुमने त्या वर्षी समुद्र काढला होता. हातभर लांब कागदावर नुसतं पाणी, आणि कोपऱ्यात निघून चाललेली एवढीशी आगबोट. बघितलं की बघतच राहावं. चौकटीतून परत आलं ते वीतभर! पाणी गायब, नुसती आगबोट.

"हसनमिया, समुद्र कुठाय?"

"मास्तर, चौकट तयार होती. दर्या जास्त होता, तो कापला. बोट सलामत हाय!"

मी तो वीतभर तुकडा तसाच वाचनालयात टांगला. तेवढ्यात बाजाराला आलेला एक गृहस्थ त्या चित्रापुढे उभा राहिला आणि वळून मला म्हणाला, "तिकिटं इथंच मिळतात का?"

*

त्याच प्रदर्शनात माझंही एक चित्र होतं. बाजारात मासळी विकणारी हिराबाई, दुपारी रिकाम्या टोपलीजवळ बसलेली. मासळी सगळी खपलीय, बाई जरा निवांत आहे, इतकंच.

नानांना चित्रांना नावं द्यायचा भारी सोस. त्यांनी सुवाच्य अक्षरात खाली चिठ्ठी लावली : 'दारिद्र्याचा शाप'. झालं! लोक चित्रापुढे उभे राहून चुकचुकायला लागले. एका बाईने तर डोळ्यांना पदर लावला. रिकामी टोपली तीच, बाई तीच, पण त्या दोन शब्दांनी तिला उपाशी मारलं.

तिसऱ्या दिवशी हिराबाई स्वतः आली, सोबत तीन जावा. चौघींच्या अंगावर मिळून नानांच्या घरात नसेल एवढं सोनं.

"कोनाला गरीब लिवलंस रं नाना? ह्या पाटल्या दिसत न्हाईत?" हिराबाईने हात नाचवला. बाकीच्या तिघींनी नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नानांनी घाईघाईने चिठ्ठी फाडली आणि दुसरी लावली : 'सदर बाई सुखवस्तू आहेत.'

मी मागे वळलो तर दारात आप्पा!

"मास्तर," ते म्हणाले, "चार माणसं काय म्हणतात ते ऐकलं हो."

*

खरं सांगतो, त्या वर्षी मी प्रदर्शनाचा नाद सोडणारच होतो. पण पुढच्या वर्षी कुसुम म्हणाली, "सर, आप्पांचंच चित्र काढू का? स्वतःचं तर आवडेल त्यांना."

काढलं. काय काढलं! अडकित्ता धरलेला हात, कपाळावरची आठी, साक्षात आप्पा बसलेत. मी स्वतः उभा राहून ते बरोबर नजरेच्या उंचीवर लावून घेतलं. चिठ्ठी लावू दिली नाही. निर्धास्त मनाने घरी जेवायला गेलो. तिथेच चुकलं.

उद्घाटनाच्या पाहुण्यांचा हार टेबलावर उरला होता. नानांना चित्र 'रिकामं रिकामं' वाटलं, म्हणून त्यांनी तो चित्राला घातला. खोलीत कुबट वास येत होता, म्हणून खाली दोन उदबत्त्या लावल्या.

मी परत आलो तर लोक दाराबाहेर चपला काढून आत जात होते. तासाभरात आप्पांच्या अंगणात ही गर्दी! बायका पदर तोंडाला लावून. आप्पा ओटीवर सुपारी कातरत बसलेले.

संध्याकाळी ते काठी आपटत वाचनालयात आले.

"मास्तर, मी गेलो हे मला कधी कळवणार होतात?"

जाताना कुसुमकडे बघून म्हणाले, "पुरे झाली आता ही चित्रं." पोरीचा चेहरा मला बघवला नाही. नानांशी मी दोन महिने बोललो नाही.

*

पुढचं वर्ष कुसुमच्या मॅट्रिकचं. म्हणजे शेवटचं प्रदर्शन. घरी बंदी, तरी तिने एक चित्र केलं होतं : वाडीतली विहीर, सकाळची. आप्पांनी ते पाहिलं नव्हतं असं नाही. पंधरा दिवस ते लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून पडलं होतं आणि आप्पा रोज ते बाजूला सारून लोणचं घेत होते!

यंदा मी वाचनालयाची किल्लीच मागून घेतली. समोरची अख्खी भिंत मोकळी केली. वेळापत्रक काढलं, पुढाऱ्यांचे फोटो काढले, भिंतीला चुना दिला. मधोमध कुसुमची विहीर, साध्या चौकटीत. नाव नाही, हार नाही. समोर दहा पावलांवर एक खुर्ची.

"एवढ्या भिंतीवर एकच चित्र?" नाना कळवळले. "लोक म्हणतील, चित्रं संपली!"

"म्हणू देत!" मी ओरडलोच.

आप्पा आले. "कुठे माझ्या तसबिरीला हार नाही ना, तेवढं बघायला आलोय," असं म्हणाले आणि कमरेमुळे खुर्चीत बसले. बसल्यावर समोर दुसरं बघायला काही नव्हतंच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नाना तोंड उघडणार, तर मी त्यांचा दंड धरला.

"मास्तर, वाडी कोणाची ही?" आप्पांनी विचारलं. "राखल्ये सुरेख."

मागून कुसुम म्हणाली, "आपलीच आहे, आप्पा."

"आपली? आपल्या विहिरीवर असं ऊन कधी पडतं?"

"रोज सकाळी पडतं. तुम्ही तेव्हा पोथी वाचत असता."

आप्पांनी पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं. काठी टेकत उठले आणि निघून गेले. कुसुम रडकुंडीला आली. मी रात्रभर स्वतःला शिव्या घालत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी कुसुम माझ्या दारात हजर. धापा टाकत म्हणाली, "सर, आप्पांनी मुंबईचा फॉर्म मागितलाय."

माझा विश्वास बसेना. म्हटलं, "मग ते स्वतः का नाही आले?"

"ते वाडीत विहिरीसमोर खुर्ची टाकून बसलेत, सर. उठायलाच तयार नाहीत."