शकूच्या मनात काय चालतं

हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बिलकिस खिडकीशी बसायची आणि डोळे अर्धवट मिटून घ्यायची. बाकीच्यांना वाटायचं, ती झोपली. पण ती शकूच्या मागे मागे नदीच्या घाटावरून हिंडत असायची. वाकडच्या पुलावर बस खोळंबली, की तिला उलट बरं वाटायचं.

शकू खरी मुलगी नव्हती. मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत बिलकिस लेखिका होती आणि शकू तिच्या खेळाची नायिका. गोष्ट पुढं जाते, मधेच थांबते आणि खेळणाऱ्याला विचारते, आता शकूनं काय करायचं? गावात राहायचं की शहरात जायचं, भाऊ भैरूला खरं सांगायचं की गप्प बसायचं, सगळं खेळणाऱ्याच्या बोटावर.

कंपनी जयसिंगची. तो हिंजवडीतल्याच शेतकरी घरातला. जिथं ऑफिस उभं होतं, तिथं त्याच्या लहानपणी भाताची खाचरं होती. शकूच्या गावाकडे शहर कसं सरकत येतं, ते बिलकिसला त्यानंच सांगितलं होतं. खेळ जवळजवळ तयार झाल्यावर त्यांनी तो काही कॉलेजच्या मुलामुलींना खेळायला दिला. एका मुलीनं खेळून फोन परत केला आणि म्हणाली, छान आहे, पण शकूला कशाचंच काही वाटत नाही. मी सांगते तिकडे ती जाते, एवढंच.

बिलकिसनं मग जागोजागी वाक्यं घातली. शकूला वाईट वाटलं. शकूचे डोळे भरून आले. लहानपणीच्या आठवणी लिहिल्या, वारलेली आई लिहिली. जयसिंगनं सगळं शांतपणे वाचलं.

"वाईट वाटलं असं तुम्ही लिहिलंय," तो म्हणाला. "तिला अजून कळवायचं राहिलंय."

त्या आठवड्यात बिलकिसनं एक दिवस रजा टाकली आणि अम्मीला घेऊन खडकवासल्याला गेली. अम्मी म्हणजे सकीना. शनिवार पेठेत मैनुद्दीनभाईंचं फोटोफ्रेमचं दुकान होतं आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत हे कुटुंब राहायचं. सकीना त्या खोल्यांतून फारशी बाहेर पडत नसे. स्वयंपाक करता करता तिची तंद्री लागायची. घरात सगळ्यांना ते सवयीचं झालं होतं. पोळी करपली, की मैनुद्दीनभाई न बोलता वरचा पापुद्रा काढून खायचे.

दोघी धरणाच्या कडेला बसल्या. भाजलेल्या कणसांना लिंबू चोळलं होतं. पाण्यावर ऊन इतकं पसरलं होतं, की पलीकडचा डोंगर तरंगत असल्यासारखा दिसत होता. बोलता बोलता बिलकिसनं शकूचं रडगाणं सांगितलं. सकीनानं विचारलं, की समजा शकू गावातच राहिली, तर त्या दुसऱ्या, शहरातल्या शकूचं काय होतं?

काही नाही, बिलकिस म्हणाली. ती वाट बंद होते.

"बंद कशी होते?" सकीना म्हणाली. "मी तर गेल्या वर्षी रिटायर झाले."

बिलकिसला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सकीना कणसाचे दाणे एकेक करून सोलत बोलू लागली. लग्नाआधी तिला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली होती. त्याच महिन्यात मैनुद्दीनभाईंचं स्थळ आलं. त्यांच्या घरी रात्रपाळी चालणार नव्हती. दोन्हींपैकी एकच होणार होतं आणि तिनं लग्न निवडलं. कुणी जबरदस्ती केली नाही, हे तिनं मुद्दाम सांगितलं. दोन्ही हवं होतं, एवढंच.

पण नोकरी सुटली नाही. लग्नानंतर काही दिवसांनी कणीक मळताना ती मनातल्या मनात कॅम्पातल्या त्या इमारतीत गेली, कानाला हेडफोन लावला आणि नागपूरचा ट्रंक कॉल जोडून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. शेजारच्या खुर्चीवर तुळजाबाई नावाची बाई बसायची. ती डब्यात लसणाची चटणी आणायची. पुढं लोक घरूनच थेट बाहेरगावी फोन लावायला लागले, तेव्हा दोघींना चौकशीच्या टेबलावर हलवलं. मोबाईल आल्यावर तिथंही काम उरलं नाही. दुपारभर दोघी खिडकीतून रस्ता बघत बसायच्या. साठी झाली तेव्हा निरोपसमारंभ झाला, साडी मिळाली. तिचा रंग सकीनाला फारसा आवडला नव्हता.

"अब्बांना माहीत आहे?"

"त्यांना काय सांगायचं? मी घर सोडून कुठं गेलेच नाही ना."

बिलकिसला एक जुनी दुपार आठवली. घरात कुणीच आजारी नसताना अम्मी जेवली नव्हती, डोळे सुजले होते. तिनं त्याबद्दल विचारलं. सकीना म्हणाली, तुळजाबाईंचे मिस्टर गेले होते त्या दिवशी.

परतीच्या बसमध्ये सकीना मुलीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. बिलकिसला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की शेजारी दोन बायका बसल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी तिनं जयसिंगला सांगितलं, की खेळणाऱ्यानं जे नाकारलं ते शकूच्या मनात चालू ठेवायचं. गावात राहिली तर घाटावर भांडी घासताना तिला शहरातली खोली दिसेल, आणि ती खोली दिवसागणिक जुनी होत जाईल. शहरात गेली तर गाव मनात वाढत राहील. शकू याबद्दल कुणाशी बोलणार नाही. फक्त खेळणाऱ्याला ते ऐकू येईल.

"म्हणजे सगळा खेळ दोनदा लिहायचा," जयसिंग म्हणाला. त्यानं खिडकीबाहेर, पार्किंगच्या जागेकडे बोट केलं. "आमचे वडील अजून पाऊस पडला की तिथं पाणी किती साठलं ते बघतात. लिहा तुम्ही."

तिनं लिहिलं. शहरातल्या शकूला तिनं टेलिफोन ऑपरेटर केलं. त्यासाठी अम्मीची परवानगी घेतली. सकीनानं सगळं वापरायला दिलं, फक्त तुळजाबाईंचं नाव घालू नको म्हणाली, त्यांना विचारलेलं नाही. म्हणून खेळात ती बायडाबाई झाली. ती कॉलेजची मुलगी पुन्हा खेळायला आली, तेव्हा एका वळणावर तिचं बोट स्क्रीनवर थबकलं आणि तसंच राहिलं. काही विचारायची गरज पडली नाही.

खेळ बाहेर आला. फार गाजला नाही, पण खेळणाऱ्यांनी तो एकमेकांना पाठवला.

सकीनानं तो घरी, दुपारी, चष्मा लावून खेळला. तिनं शकूला शहरात पाठवलं. शकू एक्स्चेंजमध्ये रमली. मग एका संध्याकाळी, कॉल जोडताना, शकूच्या मनात एक लहान मुलगी आली. वेण्या घालून घ्यायला पाठ करून बसलेली. तिला नाव नव्हतं. शकूनं तिच्या वेण्या घातल्या आणि पुढचा कॉल घेतला.

सकीनानं फोन मांडीवर ठेवला. "हे मला सुचलं नव्हतं," ती म्हणाली. मग तिनं बिलकिसचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या रविवारी दोघी रिक्षानं कॅम्पात गेल्या. सकीनाची मुलाखत दुसऱ्याच ऑफिसात झाली होती, त्यामुळे एक्स्चेंजची इमारत तिनं कधी जवळून पाहिली नव्हती. रस्त्यापलीकडे उभं राहून तिनं ती नीट न्याहाळली. आत जाऊ या का, असं बिलकिसनं विचारलं. सकीनानं नको म्हणून मान हलवली.

"आमचा जिना डावीकडे आहे," ती म्हणाली. "ही दुसरी कुठली तरी असेल."

मग तिनं पदर सावरला आणि कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळाकडे चालू लागली. तिला उसाचा रस हवा होता, आलं न घातलेला.