व्हॅलेन्सियाचे पाट आणि इब्राचा मिलिंद

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतमधल्या रुवीत गाडीचं टायर बदलून घेत होतो. फोनवर त्याचा अर्बाब, म्हणजे मालक. मी इतका गोंधळलो की "बरं, नंतर बोलतो" म्हणून मोकळा झालो... जणू नंतर मिलिंदच बोलणार होता.

मिलिंद ओमानच्या आतल्या भागात, इब्राला, खजुराच्या बागांचं पाणी बघणारा इंजिनिअर. बायको रंजना आणि मुलगी सई शाळेपायी दूर मस्कतजवळ, अल हैलला. हा शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीपुरता घरी, गुरुवारी संध्याकाळी यायचा. मस्कतच्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं, पण अर्बाबने सोडल्याची सही दिल्याशिवाय जाता येईना. सही मिळाली की तिघं एका घरात, एवढंच त्याचं स्वप्न.

वेड मात्र स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं. फलजच्या, म्हणजे ओमानी पाटाच्या, काठावर बसला की तो थेट तेराव्या शतकात शिरायचा. पाचेक शतकं तिथे मुसलमान मूरांचं राज्य, मग ख्रिस्ती राजाने शहर घेतलं. पण पाण्याच्या पाळ्या मुसलमान शेतकऱ्यांनी लावल्या होत्या तशाच ठेवल्या.

"मोठ्या मनाचा राजा," मी म्हणालो.

"मन कसलं, अव्या! पाट कसा चालतो ते त्यांनाच ठाऊक. पुढे तर जमीनदार त्यांना देश सोडून जाऊही देईनात. माणूस परका, पण कामाचा ना!"

एवढं ऐकूनही मी त्याच्यासाठी रदबदली करायला अर्बाबकडे गेलो. कहवा, म्हणजे अरबी कॉफी, पोटात जाताच मला कंठ फुटला. "असा माणूस ओमानभर शोधून सापडणार नाही. पाणी ऐकतं त्याचं!"

अर्बाब खूश. माझा हात दाबून म्हणाला, "मग असा माणूस मी का सोडू?"

खलास.

मिलिंद हसतच सुटला. "आळशी तरी म्हणायचंस, लेका! माझं व्हॅलेन्सिया करून आलास." मग पाटात अडकलेलं झावळीचं पान काढत म्हणाला, "सई मोठी होतेय रे. मला ती फोनवरच दिसते."

त्यानंतर केव्हाही विचारलं की अर्बाबचं एकच, "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात." सही आली नाही. हार्ट अटॅक आला.

परवा गुरुवारी संध्याकाळी अल हैलला गेलो. घरासमोर नेमकी एका गाडीची जागा रिकामी, मधोमध प्लास्टिकची खुर्ची. मी आपला खुर्ची बाजूला सारून गाडी घुसवली. खिडकीतून बघून सई धावत खाली आली. तिचं मराठी अडखळतं.

"काका, इथे नको... इथे बाबांची गाडी."

रंजना दारात उभी होती. मी गाडी मागे घेतली. सईने खुर्ची पुन्हा मधोमध ठेवली, जरा सरळ केली. गल्लीत दुसरीकडे कुठेच जागा नव्हती. मी चकरा मारत राहिलो.